नागानो: देवळं, डोंगर आणि शेवटची बस

जपानमधल्या नागानो प्रांताबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. हा प्रांत होन्शू बेटाच्या मधोमध आहे, चहूबाजूंनी डोंगर आहेत आणि समुद्रकिनारा अजिबात नाही. १९९८चं हिवाळी ऑलिंपिक इथेच झालं. झेन्कोजी हे जपानमधल्या सर्वांत जुन्या तीर्थक्षेत्रांपैकी एक देऊळ इथलंच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. भाडी आणि दर अंदाजे दिले आहेत, ते दरवर्षी थोडेफार वाढतात.

प्रश्न (पुणे): आम्ही दोघं दहा दिवसांसाठी तोक्यो आणि क्योतोला जातोय. मध्ये नागानो बसवायचं आहे. किती दिवस ठेवावेत? जपान रेल पास घ्यावा का?

चार रात्री ठेवा. तीन रात्रींत धावपळ होते. दोनच असतील तर नागानो शहर आणि डोंगरातलं तोगाकुशी देवस्थान एवढंच करा, माकडं आणि बर्फ पुढच्या खेपेला.

तोक्योहून नागानोला होकुरिकु शिनकानसेन ही अतिवेगवान रेल्वे जाते. 'कागायाकी' गाडी सर्वांत कमी ठिकाणी थांबते आणि सुमारे ८० मिनिटांत पोचवते, पण तिच्यात सगळ्या जागा आरक्षित असतात. 'आसामा' वाटेत थांबत जाते, तिला शंभर-एकशेदहा मिनिटं लागतात, पण बिनआरक्षणाचे डबे असल्यामुळे ऐनवेळी चढता येतं. भाडं साधारण साडेआठ हजार येन.

नागानोहून क्योतोला जायला पुन्हा तोक्योला यायचं कारण नाही. नागानोहून 'शिनानो' एक्स्प्रेसने तीन तासांत नागोया, तिथून शिनकानसेनने पस्तीस-चाळीस मिनिटांत क्योतो. 'शिनानो' किसो नदीच्या खोऱ्यातून जाते. खिडकीची जागा मागून घ्या, जपानमधल्या देखण्या रेल्वेमार्गांपैकी हा एक आहे.

पासाचा हिशेब सोपा आहे. सात दिवसांचा देशभर चालणारा पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तोक्यो-नागानो-क्योतो-तोक्यो या तिन्ही टप्प्यांची सुटी तिकिटं मिळून पस्तीस हजार येनच्या आसपास पडतात. म्हणजे पास घेऊन पंधरा हजारांचा तोटाच. शिवाय नागानोत तुम्ही ज्यांतून सर्वाधिक फिराल त्या बस आणि खासगी रेल्वे या पासात मोडत नाहीत.

दिवस आखताना एक सवय लावून घ्या: शेवटच्या बसपासून मागे मोजत या. शहराबाहेरच्या बहुतेक मार्गांवर तासाला एखादी बस असते आणि परतीची शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते. ती चुकली की टॅक्सी, आणि डोंगरातून शहरापर्यंतच्या टॅक्सीला दहा-पंधरा हजार येन सहज लागतात. दुसरी वेळ जेवणाची. पारंपरिक सरायांमध्ये, म्हणजे र्‍योकानमध्ये, रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला वाढतात आणि ते भाड्यातच धरलेलं असतं. आठला पोचलात तर पैसे गेले आणि पोटही उपाशी, कारण त्या वेळी गावात बहुधा काहीच उघडं नसतं. या दोन वेळा कागदावर लिहा आणि मग मधे काय बसतं ते बघा. नागानोच्या सहली फसतात त्या बहुतेक या दोन वेळा न पाहिल्यामुळे.

प्रश्न (ठाणे): आई-बाबा सत्तरीच्या घरात आहेत. त्यांना झेन्कोजी बघायचं आहे, देवळातल्या धर्मशाळेत राहायचं आहे. आईचे गुडघे दुखतात. जमेल का? पहाटेची पूजा नेमकी कशी असते?

जमेल. झेन्कोजीसाठी एक पूर्ण संध्याकाळ आणि दुसरी सकाळ ठेवा. दिवसा येऊन दोन तासांत परतणाऱ्यांना या देवळाचं निम्मंही दिसत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. परंपरेनुसार देऊळ इ.स. ६४२चं. आत्ताचा मुख्य मंडप १७०७ सालचा आहे आणि जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. इथली मूर्ती अमिदा बुद्धाची, दोन्ही बाजूंना एकेक बोधिसत्त्व आणि तिघांमागे मिळून एकच प्रभावळ. आख्यायिकेप्रमाणे ती आपल्या वैशालीत घडली, तिथून कोरियातल्या पेकचे राज्यात आणि ५५२ साली जपानला पोचली. ती कायम झाकलेली असते. पुजाऱ्यांनाही दर्शन नाही. तिची प्रतिकृती मात्र ठरावीक काळाने उघडते, त्याला गोकाइचो म्हणतात. जपानी मोजणीत दर सात वर्षांनी, म्हणजे आपल्या हिशेबाने दर सहा. २०२१चा सोहळा कोविडमुळे २०२२मध्ये झाला. पुढचा २०२७च्या एप्रिल ते जूनमध्ये आहे, म्हणजे नेमका आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत.

त्या काळात मंडपासमोर सुमारे दहा मीटर उंचीचा लाकडी खांब उभारतात. त्याला बांधलेली दोरी आत जाऊन प्रतिकृतीच्या उजव्या हाताला जोडलेली असते, त्यामुळे खांबाला हात लावला की मूर्तीलाच स्पर्श झाला असं मानतात. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसंच इथेही: खांबाची रांग बाहेर, आतल्या दर्शनाची निराळी. तुम्हाला २०२७ला जायचं असेल तर मुक्कामाचं आरक्षण शक्य तितक्या आधी करा, आणि २९ एप्रिल ते ५ मे हा आठवडा टाळा. तेव्हा जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात आणि अख्खा देश घराबाहेर पडतो.

आता मुक्काम. देवळाच्या आवारात ३९ धर्मशाळा आहेत, त्यांना शुकुबो म्हणतात. प्रत्येक शुकुबो एकेका पुजारी घराण्याची असते. दोन जेवणांसह माणशी बारा ते वीस हजार येन धरा. तातामी चटईवर गादी घालून झोपायचं असतं. आईंसाठी दोन गोष्टी आरक्षणाच्या वेळीच मागा: जेवायला खुर्ची-टेबल, आणि खोली तळमजल्यावर किंवा निदान कमी पायऱ्यांची. तिथे पोचल्यावर मागितलं तर बहुधा उपाय निघत नाही, कारण खोल्या मोजक्या असतात.

पहाटेच्या पूजेला ओआसाजी म्हणतात. ती वर्षाचे ३६५ दिवस होते. वेळ सूर्योदयाप्रमाणे बदलते: भर उन्हाळ्यात साडेपाचच्या सुमारास, भर हिवाळ्यात सातला. आदल्या रात्री शुकुबोच्या यजमानांना वेळ विचारा. बहुतेक जण पाहुण्यांना बरोबर घेऊनच जातात. झेन्कोजी दोन पंथ मिळून चालवतात, तेंदाई आणि जोदो, म्हणून पूजाही एकापाठोपाठ दोन होतात. जोदो बाजूचं प्रमुखपद एका भिक्षुणीकडे असतं.

पूजेला जाताना आणि परतताना हे प्रमुख फरसबंदी वाटेवरून चालत येतात. वाटेच्या कडेला लोक एका ओळीत गुडघे टेकून, हात जोडून, मान खाली घालून बसतात. प्रमुख हातातली जपमाळ प्रत्येकाच्या डोक्याला हलकेच टेकवत पुढे जातात. एका माणसामागे सेकंदही जात नाही. आईंना गुडघे टेकता येत नसतील तर त्यांनी ओळीच्या टोकाला उभं राहून कमरेत वाकावं, कोणी वावगं मानत नाही. या क्षणी फोटो काढत बसू नका, डोकं वर असेल तर माळ टेकणारच नाही. यासाठी पैसे लागत नाहीत.

मंडपाच्या आत, वेदीखालून एक भुयारी वाट जाते. ती मात्र आईंसाठी विचार करून ठरवा. तिकीट काढायचं, पादत्राणं पिशवीत घेऊन वेदीच्या उजवीकडून जिना उतरायचा. खाली मिट्ट काळोख असतो. डोळे सरावतील अशी वाट बघू नका, ते सरावत नाहीत. उजवा हात कमरेच्या उंचीवर भिंतीला टेकवून, पाय न उचलता सरकत राहायचं. दोन-तीन वळणांनंतर हाताला लोखंडी काहीतरी लागतं, ती किल्ली. ती हलवली की खडखड आवाज येतो. मूर्ती बरोबर तिच्या वर आहे, आणि किल्लीला हात लागला तर अमिदाशी नातं जुळतं अशी श्रद्धा आहे. बऱ्याच जणांना ती सापडत नाही, कारण घाबरून हात खांद्याच्या उंचीवर जातो. मोबाइलचा दिवा लावायचा नाही. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी उतरू नये, कारण मागे रांग असते आणि उलट फिरता येत नाही.

मंडपात शिरताच बिंझुरूची लाकडी मूर्ती दिसेल. हा बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. आपलं जे अंग दुखतं, मूर्तीच्या त्याच अंगावर हात फिरवायचा असा प्रघात. तीनशे वर्षांच्या स्पर्शाने नाक-डोळे पार झिजून गेलेत. आईंना गुडघ्यासाठी इथे थांबायला नक्की सांगा. दरवाज्याच्या इमारतीवर, सानमोनवर, चढायचा मोह मात्र टाळा. तिथला जिना जवळजवळ शिडीसारखा उभा आहे.

स्टेशनपासून देऊळ दोन किलोमीटरच्या आत आहे. बसने दहा मिनिटं. चालत गेलात तर वाट हलक्या चढाची आहे.

प्रश्न (कोल्हापूर): आम्ही जैन आहोत, घरात कांदा-लसूणही नाही. देवळातलं जेवण 'शुद्ध शाकाहारी' असतं असं ऐकलं. निर्धास्त जावं का?

निर्धास्त नको, तयारीने जा. देवळातल्या जेवणाला शोजिन र्‍योरी म्हणतात. त्यात मांस, मासे नसतात आणि कांदा, लसूण, पात यांच्यासारख्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य असतात. इथवर उत्तम. पण त्यात कंदमुळं भरपूर असतात: मुळा, गाजर, गोबो नावाचं लांब मूळ, कमळकाकडी, रताळ्याच्या जातीचे कंद. कोन्न्याकू नावाची राखाडी, लिबलिबीत वडी दिसते तीही कंदाचीच. चवीसाठी शिताके अळंबी असते. तिळाचा जो 'तोफू' कौतुकाने वाढतात, त्याला घट्टपणा कुझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या पिठाने येतो. काटेकोर पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्यासाठी उरतं ते भात, साधा तोफू, युबा म्हणजे सोयाच्या दुधाची साय, लाल भोपळा, वांगं, पालेभाज्या, सोयाच्या शेंगा. एवढ्यातही नेटकं जेवण होतं, पण निदान दहा दिवस आधी लिहून यादी पाठवली तरच.

दुसरी अडचण सगळ्याच शाकाहाऱ्यांची आहे, ती म्हणजे दाशी. जपानी स्वयंपाकाचा हा पायाच: उकळत्या पाण्यात वाळवलेल्या मासळीचे, कात्सुओबुशीचे, पापुद्रे टाकून काढलेलं सार. मिसो सूप, सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांबरोबरची चटणीवजा आमटी, शिजवलेल्या भाज्या, कधी लोणचंसुद्धा, सगळ्यांत ते असतं. दिसत नाही आणि वासही फार येत नाही. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी मांस-माशांचे तुकडे काढून देतात, सार तेच राहतं. काही शुकुबोंतही पाहुण्यांच्या जेवणात हेच सार वापरतात, म्हणून नेमका प्रश्न विचारा: सार कोंबू या समुद्रशेवाळाचं आहे की कात्सुओचं? तोंडी सांगायचं वाक्य पाठ करा: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देस.' म्हणजे मांस-मासे खात नाही, कात्सुओचं सारही चालत नाही. हेच जपानी लिपीत छापून खिशात ठेवा, त्याचा उपयोग बोलण्यापेक्षा जास्त होतो.

सूर्यास्तापूर्वी जेवत असाल तर ऋतू नीट निवडा. मेच्या मध्यात नागानोत सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो, म्हणून साडेपाचचं जेवण मागितलं की चौविहार सांभाळता येतो. डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा कुठलीही सराय इतक्या लवकर वाढणार नाही.

रस्त्यावरच्या खाण्यात ओयाकी हा नागानोचा खास पदार्थ: गव्हाच्या पिठाच्या पारीत सारण भरून वाफवलेला किंवा भाजलेला गोळा. लाल भोपळ्याचा आणि अझुकी डाळीच्या गोड पुरणाचा सर्वांत सुरक्षित. वांगं-मिसो आणि नोझावाना पाल्याच्या सारणात दाशी असू शकते, विचारून घ्या. सोबा खायचाच असेल तर थंड 'झारू सोबा' मागवा, सोबतची आमटी बाजूला ठेवा आणि मिठाबरोबर खा. दर्दी जपानी माणसंही ताज्या सोब्याचा पहिला घास असाच घेतात.

घरून खाखरा, थेपले, मेतकूट, भाजणी, चटण्या बिनधास्त न्या. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता मात्र नाही: वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच काढून घेतात. मे महिन्यात नातेवाइकांसाठी बॅगेत हापूस टाकण्याचा विचार असेल तर तो सोडा.

प्रश्न (नाशिक): मुलांच्या सुट्टीत, मेमध्ये जाणार आहोत. गरम पाण्यात बसलेली माकडं आणि बर्फ दोन्ही बघायचं आहे. मिळेल?

माकडं नक्की, पण पाण्यात नाहीत. जिगोकुदानीची माकडं थंडी घालवायला कुंडात उतरतात. फोटोत असतात ती डोक्यावर बर्फ घेतलेली माकडं डिसेंबर ते मार्चची. मेमध्ये ती कुंडाभोवती हुंदडतात, खायला वेचतात, आणि त्याच सुमारास पिल्लं जन्मलेली असतात. मुलांना पोटाला बिलगलेली पिल्लं हिवाळ्यातल्या फोटोपेक्षा जास्त आवडतात, असं आमचं ठाम मत आहे. शरद ऋतूत मात्र कळप विणीच्या हंगामात डोंगरात भटकतो आणि एखाद्या दिवशी फिरकतही नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्याच सकाळची माहिती बघून निघावं.

नागानो स्टेशनहून एक्स्प्रेस बसने चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, पुढे जंगलातून १.६ किलोमीटर चालणं. वाट सपाट आहे, शेवटी पायऱ्या आहेत. बाबागाडी चालणार नाही. प्रवेश मोठ्यांना ८०० येन. खाऊ बाहेर काढायचा नाही, माकडांच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, सेल्फी स्टिक वापरायची नाही.

बर्फासाठी मेमध्ये तातेयामा-कुरोबे मार्ग. नागानो स्टेशनहून पावणेदोन तासांच्या बसने ओगिझावा. पुढे बोगद्यातली विजेची बस, १८६ मीटर उंचीच्या कुरोबे धरणाच्या माथ्यावरून चालणं, मग केबल कार, रोपवे आणि पुन्हा बोगद्यातली बस करत २,४५० मीटरवरच्या मुरोदोला. हिवाळ्यात साचलेला बर्फ कापून तिथे रस्ता काढतात. दोन्ही बाजूंच्या भिंती काही वर्षी वीस मीटरच्या जवळपास जातात आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत बघता येतात. मुरोदोचं जाऊन-येऊन भाडं ओगिझावापासून माणशी दहा हजार येनच्या घरात, लहानांना निम्मं.

इथे फसगत होते ती दोन कारणांनी. एक, वर ढग उतरले की काहीच दिसत नाही, म्हणून आदल्या रात्रीचा हवामान अंदाज बघून दिवस ठरवा आणि हाताशी एक पर्यायी दिवस ठेवा. दोन, खाली नागानोत पंचवीस अंश असतं म्हणून लोक टी-शर्टवर येतात आणि वर पाच अंशांत कुडकुडतात. काळे चष्मेही हवेत. स्वच्छ दिवशी बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे दुखू लागतात.

प्रश्न (पणजी): ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात, सगळ्यांसमोर कपडे काढून उतरायचं म्हणजे फार संकोच वाटतो. पोहण्याचा पोशाख चालेल का? मंगळसूत्र, जोडवी काढावीत का? पाळीत काय करायचं?

पोशाख चालत नाही. स्त्री-पुरुषांची कुंडं वेगळी असतात. आत गेल्यावर कोणी कोणाकडे बघत नाही, आणि संकोच पहिल्या पाच मिनिटांचाच. तरीही नको वाटत असेल तर 'काशिकिरी' कुंड असलेली सराय निवडा. ते तुमच्या कुटुंबासाठी पाऊण-एक तास आतून कडी लावून मिळतं. पाळीत सार्वजनिक कुंडात उतरायचं नाही, खोलीतल्या न्हाणीत अंघोळ करायची.

क्रम असा: कपडे टोपलीत, लहान टॉवेल हातात. आत नळांची रांग असते, तिथे छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग पूर्ण धुवायचं, फेस राहू द्यायचा नाही. केस वर बांधायचे. मग कुंडातलं थोडं पाणी अंगावर घेऊन हळूहळू उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर किंवा कडेला ठेवायचा.

जोडवी आणि पैंजण काढाच. नोझावासारख्या ठिकाणच्या पाण्यात गंधक असतं. चांदीवर त्याचा काळा थर चढतो, तोही एकाच अंघोळीत. सोन्याच्या मिश्रणातल्या तांब्या-चांदीमुळे मंगळसूत्राच्या वाट्याही मंद पडू शकतात.

पाण्याची उष्णता गंभीरपणे घ्या. नोझावा ओन्सेन गावात गावकऱ्यांनी सांभाळलेली तेरा सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. प्रवेश फुकट, दारातल्या पेटीत काही नाणी टाकायची. पण काहींचं पाणी ४४ अंशांच्या वर असतं. थंड पाण्याचा नळ असतो, पण आत बसलेल्या गावकऱ्यांना विचारूनच तो सोडा. ही त्यांची रोजची अंघोळीची जागा आहे. शिबु ओन्सेनमधली नऊ न्हाणीघरं मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी असतात आणि सराय त्यांची किल्ली देते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून उतरा, दहा मिनिटांवर बसू नका, मद्य घेऊन तर मुळीच नाही. उठताना कठडा धरून सावकाश उठा, चक्कर येते ती तेव्हाच.

प्रश्न (मुंबई): जानेवारीत पहिल्यांदाच स्की करणार. हाकुबा, नोझावा की शिगा कोगेन?

नवशिक्यांसाठी आमचं मत शिगा कोगेन. उंची तेराशे ते तेवीसशे मीटर, त्यामुळे बर्फ कोरडा राहतो आणि सौम्य उतार भरपूर. नोझावाला गावाची मजा आहे, पण जेवण आणि झोपेची ठिकाणं वर्षभर आधीच भरू लागतात. १५ जानेवारीच्या अग्निउत्सवाला तर गाव तुडुंब भरतं. हाकुबाला इंग्रजी बोलणारे शिक्षक सहज मिळतात, पण हाप्पोचे वरचे उतार नवशिक्याचे नाहीत. लिफ्टचा पास, भाड्याचं साहित्य आणि गटातला धडा मिळून दिवसाला माणशी वीस हजार येनच्या पुढे धरा. पहिल्या दिवशी फक्त दोन तासांचा धडा घ्या, पूर्ण दिवसाचा पास वाया जातो. जोडे घट्ट हवेत: उभं राहिल्यावर बोटं टोकाला टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. सैल जोडा म्हणजे घोट्याला मार. दोरीपलीकडच्या बर्फावर कधी जाऊ नका. तिथे हिमस्खलनाचा धोका असतो, आणि बऱ्याच विमा पॉलिसी त्या शोधकार्याचा खर्च देत नाहीत.

फक्त बर्फ बघायचा असेल तर स्की न करताही गोंडोलाने वर जाऊन परतण्याचं तिकीट मिळतं.

प्रश्न (नागपूर): गाडी भाड्याने घ्यावी का?

मे ते ऑक्टोबर घ्यायला हरकत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवाना सोबत ठेवा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. सहा वर्षांखालच्या मुलासाठी आसन सक्तीचं आहे, ते आरक्षणातच नोंदवा. डिसेंबर ते मार्च चालवू नका. बर्फाचे टायर असले तरी पारदर्शक बर्फाचा थर असलेल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावायचा, हे सवयीशिवाय कळत नाही. कामिकोचीच्या दरीत तर खासगी गाड्यांना वर्षभर बंदी आहे. सावांदोला गाडी ठेवून बसनेच जायचं, तेही एप्रिलच्या मध्यापासून १५ नोव्हेंबरपर्यंत.

प्रश्न (निशिकासाई, तोक्यो): इथे नोकरीला आहे. सासू-सासरे ऑक्टोबरमध्ये येतील. शनिवार-रविवारात झेन्कोजीच्या गर्दीपेक्षा शांत काही?

बेश्शो ओन्सेन. 'आसामा'ने दीड तासात उएदा, तिथून अर्ध्या तासाची छोटी रेल्वे. ऑक्टोबर २०१९च्या वादळात चिकुमा नदीवरचा तिचा लाल पूल कोसळला होता. मार्च २०२१मध्ये तो पुन्हा सुरू झाला, डब्याच्या उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांतून नदी दिसते. गावातलं कितामुकी कान्नोन देऊळ उत्तरेकडे, झेन्कोजीकडे तोंड करून आहे. दोन्हींचं दर्शन घेतलं तरच यात्रा पुरी, एकाचंच घेतलं तर अर्धी, असं इथले लोक मानतात. आन्राकुजी देवळाचा अष्टकोनी पॅगोडा चुकवू नका. कामाकुरा काळातला, साडेअठरा मीटरच्या आसपास उंच, जपानमध्ये उरलेला अशा आकाराचा एकमेव लाकडी पॅगोडा. छपरं चार दिसतात पण मजले तीनच, सर्वांत खालचं छप्पर पडवीचं आहे. त्याच्यापर्यंत दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. सासऱ्यांना जमत नसेल तर पायथ्यावरूनही झाडांतून वरचा भाग दिसतो.

रविवारी तोगाकुशी करायचं असेल तर उएदाहून नागानो, तिथून बसने तास. वरच्या ओकुशा देवस्थानाची वाट दोन किलोमीटर आहे. पहिला अर्धा भाग सपाट, मग गवती छपराचा लाल दरवाजा, आणि त्यापलीकडे चारशे वर्षांची सुगी म्हणजे जपानी देवदाराची झाडं दोन्ही बाजूंनी. सर्वांत सुंदर भाग हाच, आणि तोही सपाटच आहे. पायऱ्या त्यानंतर सुरू होतात, म्हणून ज्येष्ठांनी झाडं संपेपर्यंत जाऊन परतावं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंग चढलेले असतात आणि शनिवार-रविवारी बस गर्दीत अडकते, म्हणून सकाळची पहिली किंवा दुसरी बस धरा. अस्वलांचा वावर आहे, पिशवीला घंटी बांधा. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ओकुशा बंद असतं.

प्रश्न (सोलापूर): व्हिसा, पैसे, सामान यांत काय विसरायला होतं?

भारतीयांना पर्यटनासाठी १ एप्रिल २०२४पासून ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हिसा केंद्रामार्फत. विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून प्रत्यक्ष उघडून दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून रोमिंग किंवा ई-सिम निघण्यापूर्वीच चालू करून घ्या.

नागानोतल्या गावच्या बस, छोट्या रेल्वे, जुन्या सराया यांना रोकड लागते. तोक्योचं सुइका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड सगळीकडे चालेल असं धरू नका. एक हजाराच्या नोटा जवळ ठेवा. बसमध्ये चढताना दाराजवळच्या यंत्रातून आकड्याची चिठ्ठी ओढून घ्या. पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली दिसतं ते तुमचं भाडं. पेटी उरलेले पैसे परत देत नाही, म्हणून आधी शेजारच्या यंत्रात हजाराची नोट मोडून नेमकी रक्कम टाका. पाच आणि दहा हजारांची नोट बहुतेक बसमध्ये मोडत नाही.

मोठी बॅग डोंगरात नेऊ नका. तोक्योच्या हॉटेलातून कुरिअरने ती पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पाठवता येते, आकारानुसार दोन-तीन हजार येनमध्ये, साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. अर्जावर तुमच्या आरक्षणातलंच नाव आणि पोचण्याची तारीख लिहा. नाव जुळलं नाही तर हॉटेल बॅग स्वीकारत नाही.